काही झालं नाही ना?

सेमिनारचे विषय वाटले जात होते तेव्हा मी मेसमध्ये पोहे खात बसलो होतो. चूक माझीच. डिपार्टमेंटला पोचेपर्यंत इलेक्ट्रिक गाड्या गेल्या होत्या, रोबोटिक्स गेलं होतं, थ्री-डी प्रिंटिंग दोघांनी मागितलं म्हणून चिठ्ठ्या टाकून वाटलं गेलं होतं. नोटीस बोर्डावरच्या यादीत एकाच विषयापुढे नाव नव्हतं : ‘अणुवीज केंद्राचे डिकमिशनिंग – सुरक्षा तपासणी व नियमन’. मी नाव लिहिलं. दुसरा इलाजच नव्हता.

रूमवर आल्यावर पार्टनर म्हणाला, “म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यावर सेमिनार? त्यात बोलणार काय? बटण बंद केलं, कुलूप लावलं, थँक यू?”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. चार स्लाईड, दोन फोटो, एक फ्लो चार्ट, काम फत्ते. गाईड सरांना तसं आडून आडून सुचवूनही पाहिलं. ते चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, “चालू प्लांटमध्ये सगळे जागे असतात रे. बंद प्लांटमध्ये कोण जागं असतं ते शोधून काढ. तोच तुझा सेमिनार.”

वाक्य आवडलं म्हणून वहीत लिहून ठेवलं. पुढे दीड महिना त्या वाक्यानं माझीच झोप उडवली, त्याची ही गोष्ट. घडली ती अमेरिकेत. पण सगळीच तिकडची नाही. तिचा एक तुकडा माझा आहे, आणि तो मी आजवर इथे कुणाला सांगितला नव्हता.

आधी थोडं टेक्निकल. घाबरू नका, ओरलला विचारणार नाही.

गावाकडे रात्री चूल विझवली तरी राखेखाली निखारा असतो. आजी त्यावर दुधाचं पातेलं ठेवते आणि सकाळपर्यंत दूध कोमट राहतं. अणुभट्टीचं तसंच आहे. कंट्रोल रॉड आत गेले की साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबते, पण इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ आपले आपण विघटित होत राहतात आणि उष्णता देत राहतात. हिला डिके हीट म्हणतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या साधारण सहा-सात टक्के असते. दिवसभरानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि आठवड्यानं आणखी कमी होते. टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण भट्टी जर ३४०० मेगावॅट उष्णता देणारी असेल, तर आठवड्यानंतरसुद्धा १० मेगावॅटच्या आसपास उष्णता ‘बंद’ भट्टीतून येत असते. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर दोन किलोवॅटचे पाच हजार गिझर, आणि त्यांना बटणच नाही. २०११ मध्ये फुकुशिमात भूकंप झाल्याबरोबर चालू असलेल्या भट्ट्या नियमाप्रमाणे बंद झाल्या होत्या. घात केला तो त्सुनामीनं वीज गेल्यावर थंड न करता आलेल्या ह्या निखाऱ्यांनी.

म्हणून केंद्र कायमचं बंद केलं तरी वापरलेलं इंधन आधी काही वर्षं पाण्याच्या खोल तलावात ठेवतात. पुरेसं निवलं की स्टेनलेस स्टीलच्या जाड डब्यात भरून, डबा वेल्डिंग करून, काँक्रीटच्या कोठारात ठेवतात. मग भट्टी कापायची, पाईप कापायचे, इमारती पाडायच्या, माती तपासायची. अमेरिकेत ह्या सगळ्यावर नजर ठेवते ती न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, म्हणजे एन.आर.सी. नियम असा, की केंद्रचालकानं आधी दोन गोष्टी लिहून द्यायच्या : वीजनिर्मिती कायमची थांबवली, आणि भट्टीतलं इंधन कायमचं बाहेर काढलं. त्यानंतर लायसन्स राहतं, पण भट्टी चालवायचा हक्क जातो. बंद केल्यापासून ६० वर्षांच्या आत काम पुरं करायचं. शेवटी जागा मोकळी द्यायची तर तिथे राहणाऱ्या माणसाला त्या जागेतल्या उरल्यासुरल्या किरणोत्सारामुळे वर्षाला २५ मिलिरेमपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. तेवढं सिद्ध झालं की मगच लायसन्स संपतं. साठ वर्षं! आपल्याकडे चार वर्षांच्या डिग्रीला सहा लागली तर केवढा गहजब होतो.

इथपर्यंतच्या माझ्या आठ स्लाईड तयार झाल्या. त्या मलाच कंटाळवाण्या वाटल्या. सरांच्या ‘कोण जागं असतं’ ह्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. एक खरं उदाहरण हवं होतं. शोधता शोधता सॅन ओनोफ्रे सापडलं.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस ते सॅन डिएगो जाणारा मोठा हायवे आहे. त्याच्या कडेला, अगदी पॅसिफिक समुद्राच्या काठावर दोन घुमट दिसायचे. ते सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्र. चालवणारी कंपनी सदर्न कॅलिफोर्निया एडिसन. पहिलं युनिट १९६८ ते १९९२ चाललं. दुसरं आणि तिसरं १९८३ आणि १९८४ पासून वीज द्यायला लागली, प्रत्येकी ११०० मेगावॅटच्या घरात. २०१० आणि २०११ मध्ये त्यांचे स्टीम जनरेटर बदलले. आणि गंमत म्हणजे जुने नव्हे, हे नवेच जनरेटर दगा देऊन गेले. ३१ जानेवारी २०१२ ला तिसऱ्या युनिटच्या एका नळीतून गळती झाली. तपासलं तर दोन्ही युनिटमधल्या नळ्या अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजलेल्या. फ्लुईड मेकॅनिक्समध्ये आपण ज्या कंपनांवर दोन मार्कांची टीप लिहितो त्या कंपनांनी नळ्या एकमेकींवर घासल्या होत्या. वर्षभर वाद, चर्चा, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ७ जून २०१३ ला कंपनीनं जाहीर केलं की केंद्र कायमचं बंद.

इथून माझा विषय सुरू होतो.

केंद्र चालू असतं तेव्हा एन.आर.सी.चे निवासी इन्स्पेक्टर तिथेच ठाण मांडून असतात. रोज प्लांटमध्ये फिरतात, कंट्रोल रूममध्ये डोकावतात. केंद्र कायमचं बंद झालं आणि इंधन तलावात गेलं की ते मुक्काम हलवतात. मग ठरावीक कामांच्या वेळी विभागीय कार्यालयातून तपासणीला माणसं येतात. सॅन ओनोफ्रेच्या बाबतीत ती टेक्सासमधल्या आर्लिंग्टनहून येत. ह्यात लबाडी काही नाही. धोका कमी झाला म्हणून तपासणी कमी, हा हिशेब सरळ आहे. फक्त त्याचा अर्थ असा, की बऱ्याचशा दिवशी तिथे नियामकाचा माणूस नसतो. असतात ती कामावरची माणसं.

तलावातलं इंधन डब्यांत भरायचं काम जोरात सुरू होतं. होल्टेक कंपनीचे ७३ डबे भरायचे होते. एका डब्यात इंधनाचे ३७ जुडगे. भरलेल्या डब्याचं वजन सुमारे ५० टन. पत्र्याची जाडी ५/८ इंच. जमिनीत काँक्रीटमध्ये बसवलेल्या उभ्या विहिरींत हे डबे वरून खाली सोडायचे. डबा आणि विहिरीचं आतलं कवच ह्यांत फट इतकी थोडी, की पेनाच्या टोपणात रिफील बसवल्यासारखं काम.

३ ऑगस्ट २०१८, शुक्रवार. एक डबा विहिरीत सोडत होते. तो वरच्याच बाजूला आतल्या कड्यावर टेकला आणि अडकला. वरून खाली सोडणारा यांत्रिक वाहक मात्र सोडतच राहिला. ज्या पट्ट्यांना डबा टांगलेला होता त्या पट्ट्या, म्हणजे स्लिंग, सैल पडल्या. बघणाऱ्यांना वाटलं, डबा तळाला पोचला. पोचला नव्हता. ५० टनांचा डबा विहिरीच्या तोंडाशी एका कडेवर नुसता टेकून उभा होता आणि त्याच्या खाली सुमारे १८ फूट मोकळी जागा होती. जवळजवळ पाऊण-एक तास तो तसाच उभा होता. वरून धरायला काहीही नाही!

हे लक्षात कुणाच्या आलं? किरणोत्सार मोजणाऱ्या तंत्रज्ञाच्या. डबा खाली गेला असता तर मीटरवर जेवढं दिसायला हवं होतं त्यापेक्षा जास्त दिसत होतं. त्यावरून कळलं की डबा वरच आहे. मग स्लिंग पुन्हा ताणून घेतल्या, डबा उचलला, सरळ केला आणि व्यवस्थित खाली सोडला. कुणाला इजा नाही, किरणोत्सार बाहेर नाही. काही झालं नाही.

मित्रहो, हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पार्टनर घोरत होता. मी लॅपटॉप बंद केला आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. कारण सैल पडलेली स्लिंग मी पाहिली होती. पुस्तकात नव्हे, माझ्या डोळ्यांनी, चार फुटांवरून.

थर्ड इयरच्या सुट्टीत मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन-प्लांट ट्रेनिंगला होतो. नाव सांगत नाही. सांगायचं ते माझ्याबद्दलच आहे. पहिल्याच दिवशी सुपरवायझरांनी माझ्या हातात एक पॅड दिलं. क्रेनची रोजची चेक शीट. हुक, हुकची लॅच, वायर रोप, लिमिट स्विच, ब्रेक, घंटी. प्रत्येकापुढे चौकोन. “सकाळी आलास की हे भरायचं आणि माझ्या टेबलावर ठेवायचं. बाकी दिवसभर काय शिकायचं ते शीक.”

पहिले दोन दिवस मी खरोखर क्रेनखाली जाऊन मान वर करून पाहिलं. हुकला लॅच नव्हतीच. तिथल्या खलाशी मामांना विचारलं. ते म्हणाले, “ती तुटून लई दिवस झाले बाळा. सगळ्यांना म्हाईत हाये.” मागच्या शीट चाळल्या तर लॅचच्या चौकोनात रोज बरोबरची खूण. मीही खूण केली. तिसऱ्या दिवसापासून क्रेनखाली जाणंही सोडलं. चहा पिता पिता सहाच्या सहा चौकोनांत बरोबर, बरोबर, बरोबर. एक मिनिटही लागायचं नाही.

लॅच म्हणजे हुकच्या तोंडावरची स्प्रिंगची छोटी पट्टी. वजन लटकत असताना तिचा काही उपयोग नसतो. ताण असला की स्लिंगचा डोळा हुकमध्ये घट्ट बसलेला असतोच. तिचा उपयोग एकाच वेळी. स्लिंग सैल पडते तेव्हा.

नवव्या दिवशी दोन टनांची गिअरबॉक्सची कास्टिंग मशीनच्या फिक्स्चरवर उतरवत होते. मामा हातानं तिला दिशा देत होते. एक कोपरा खालच्या पिनेवर टेकला आणि तिथेच अडला. क्रेनवाल्याला ते वरून दिसलं नाही, त्यानं हुक आणखी खाली सोडला. स्लिंग सैल पडली. मला वाटलं, बसली. मामांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी हात काढायला सुरुवात केली. तेवढ्यात स्लिंगच्या एका बाजूचा डोळा हुकमधून अलगद बाहेर आला आणि कास्टिंग पिनेवरून घसरून खाली बसली. वीतभरच पडली. पण आवाज असा झाला की सगळं शॉप थांबलं.

मामांच्या उजव्या हातमोज्याचं एक बोट कास्टिंगखाली अडकलं होतं. हातमोज्याचं. आतलं बोट नव्हतं अडकलं. मामांनी मोजा ओढून पाहिला, निघेना. मग हात बाहेर काढला आणि पाचही बोटं हलवून बघितली. नंतर ते हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

सुपरवायझर धावत आले. “काही झालं नाही ना?”

“नाय साहेब.”

“मग चला, कामाला लागा.”

संपलं. रजिस्टरमध्ये नोंद नाही. माझ्या ट्रेनिंग रिपोर्टमध्येही नाही. त्या दिवशीच्या चेक शीटवर लॅचच्या चौकोनात माझ्या अक्षरातली बरोबरची खूण, खाली माझी सही. रिपोर्टला मला २५ पैकी २३ मिळाले.

आता कळलं असेल की रात्री दोन वाजता मी व्हरांड्यात का उभा होतो.

दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. ९ ऑगस्टला, म्हणजे घटनेनंतर सहा दिवसांनी, केंद्राच्या आसपासच्या लोकांसाठी भरणारी जाहीर बैठक होती. लोकांनी दोन-तीन मिनिटं बोलायचं अशा वेळी एक माणूस उठला. तो त्याच कामावर सुरक्षेचं काम पाहणारा कामगार होता. जे बोलणार आहे त्यामुळे कदाचित उद्या आपली नोकरी राहणार नाही, अशी सुरुवात करून त्यानं शुक्रवारी काय झालं ते सांगितलं. माणसं कमी आहेत, प्रशिक्षण पुरेसं नाही, आधी आलेल्या अडचणी नव्या माणसांपर्यंत पोचत नाहीत, असंही तो म्हणाला. समोरच्या रहिवाशांना ह्या घटनेचा पत्ताच नव्हता. त्यांना ती त्या माणसाकडून कळली.

कंपनीनं एन.आर.सी.ला सोमवारी अनौपचारिकपणे कळवलं होतं, हे खरं आहे. पण नियम चोवीस तासांत रीतसर सूचना द्यायचा होता, आणि ती रीतसर सूचना गेली सप्टेंबरच्या मध्यात. तोवर खास तपासणी पथक केंद्रावर दाखल झालेलं होतं. पथकाला सापडलं ते डबा अडकण्यापेक्षा मोठं होतं. प्रशिक्षण अपुरं, कामाची लेखी पद्धत मोघम, कंत्राटदारावर कंपनीची देखरेख ढिली. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट अशी, की २२ जुलैलाही एक डबा बसवताना तशीच अडचण आली होती. ती कशीबशी निभावली आणि तिची त्रुटी म्हणून नोंद झाली नाही. नोंद नाही म्हणून धडा नाही. धडा नाही म्हणून बारा दिवसांनी ३ ऑगस्ट.

मार्च २०१९ मध्ये एन.आर.सी.नं १,१६,००० डॉलरचा दंड केला. डबा पडू नये म्हणून असलेली दुहेरी सुरक्षा, म्हणजे त्या स्लिंग, निकामी होऊ दिल्या हा पहिला ठपका, दुसऱ्या पातळीचा. वेळेत कळवलं नाही हा दुसरा, तिसऱ्या पातळीचा. केंद्र पाडायच्या कामाचा अंदाजच सुमारे ४.४ अब्ज डॉलरचा. त्यापुढे हा दंड म्हणजे आपल्या मेसच्या बिलापुढे एका चहाइतकाही नाही. पण खरी शिक्षा दंडाची नव्हती. काम जवळजवळ वर्षभर बंद राहिलं. तोपर्यंत ७३ पैकी २९ डबेच बसवून झाले होते. पद्धत नव्यानं लिहिली, माणसांना पुन्हा शिकवलं, स्लिंगवर किती भार आहे ते दाखवणारी आणि भार कमी झाला की ओरडणारी उपकरणं बसवली, आत बघायला कॅमेरे लावले. जुलै २०१९ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि ऑगस्ट २०२० मध्ये शेवटचा डबा खाली गेला. आता जुने-नवे मिळून इंधनाचे १२३ डबे तिथे समुद्रकाठी आहेत. घेऊन जाणार कुठे? अमेरिकेत कायमचं कोठार अजून झालेलंच नाही.

हेही सांगायला हवं, की डबा पडला असता तरी फुटला नसता असं कंपनीनं नंतर गणित करून दाखवलं. असेल. मी ते गणित चुकीचं म्हणत नाही. पण ते घटनेनंतरचं आहे. घटनेच्या त्या पाऊण तासात ते गणित कुणाच्याही खिशात नव्हतं. मामांचं बोट वाचलं ह्याचंही गणित नंतर मांडता येईल. वीतभर उंची, इतका वेग, इतके मिलिसेकंद. त्यानं माझी खूण बरोबर ठरत नाही.

सेमिनारच्या दिवशी मी सॅन ओनोफ्रे सांगितलं. शेवटच्या स्लाईडवर काही लिहिलं नव्हतं. तिथे मी चेक शीटची गोष्ट सांगितली. वर्गात आधी एक-दोघं हसले, मग शांतता झाली. प्रश्नोत्तरात एकानं विचारलं, “पण तू ट्रेनी होतास. तू ‘लॅच नाही’ असं लिहिलं असतंस तर कुणी ऐकलं असतं का?”

मी म्हटलं, “माहीत नाही.” आणि तेच उत्तर खरं आहे. बहुतेक ऐकलं नसतं. पण मी ते लिहिलं असतं तर न ऐकण्याची जबाबदारी त्यांची झाली असती. मी बरोबरची खूण केली, म्हणून ऐकण्यासारखं काही उरलंच नाही.

सर मागच्या बाकावर बसले होते. ते उठून एवढंच म्हणाले, “मग आता काय करणार आहेस?”

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या कारखान्यात गेलो. अर्धा तास गेटवर बसलो, तेव्हा सुपरवायझर आले. मी एका कागदावर त्या दिवशीचं सगळं लिहून नेलं होतं. लॅच नव्हती, मी न बघता खूण केली, स्लिंग सैल पडली, डोळा निघाला. त्यांनी उभ्यानंच वाचलं. आधी चिडले. “सहा महिन्यांनी हे घेऊन आलास? कुणी सांगितलं तुला?” मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “त्या क्रेनला लॅच बसवलीय. मागच्या महिन्यात.” बाकीच्या क्रेनचं काय, हे विचारायला मला जरा वेळ लागला. विचारलं. ते म्हणाले, “बघतो.”

मामा शॉपमध्येच होते. सगळं ऐकून म्हणाले, “आरं बाळा, माझंच बोट हुतं. मी नाय कुनाला सांगितलं. तू कशाला सांगत बसलास?” मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनीच चहा मागवला. ते सांगू शकत नव्हते. त्यांना तिथे रोज यायचं होतं. मी सांगू शकत होतो, कारण मी सुट्टी संपली की परत येणार होतो. सॅन ओनोफ्रेच्या बैठकीत उठलेल्या त्या माणसाला मात्र बोलताना आपल्या नोकरीचाच विचार करावा लागला होता. आमच्यातला हा फरक मी विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आपल्याकडेही हा विषय येणार आहे. तारापूरची पहिली दोन युनिट १९६९ ची. त्यांना कधीतरी निरोप द्यावाच लागेल. राजस्थानचं पहिलं युनिट २००४ पासून बंद आहे. ट्रॉम्बेची सायरस ही संशोधन भट्टी २०१० च्या शेवटी कायमची बंद झाली. आपल्याकडे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायचं धोरण आहे, त्यामुळे चित्र अमेरिकेसारखंच असेल असं नाही. नियमनाला १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. पण निखारे तिकडे तसेच इकडे. ह्या केंद्रांचे पाईप कापायला, भार उचलायला, मीटर वाचायला जी माणसं लागतील ती आज कुठल्या तरी इंजिनिअरिंग कॉलेजच्या, पॉलिटेक्निकच्या, आयटीआयच्या हॉस्टेलमध्ये झोपलेली आहेत. कदाचित तुमच्या शेजारच्या कॉटवर.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला आता थोडंफार ठाऊक आहे. बंद प्लांटमध्ये कोण जागं असतं? इन्स्पेक्टर कायम नसतात. ते येतात, कागद बघतात आणि जातात. आणि कागदावर तेच असतं जे तिथल्या माणसानं लिहिलेलं असतं. सॅन ओनोफ्रेला मीटर बघणारा तंत्रज्ञ जागा होता. बैठकीत उठलेला माणूस जागा होता. मी मात्र चहा पीत होतो.

परवा रात्री हॉस्टेलच्या जिन्यातल्या आग विझवायच्या लाल सिलिंडरपाशी थांबलो. दोन वर्षं रोज त्याच्यावरून गेलोय. गळ्यातलं कार्ड उलटं करून पहिल्यांदाच वाचलं. तपासणीच्या रकान्यांत ओळीनं बरोबरच्या खुणा आणि सह्या. काटा मात्र लाल भागात होता. रेक्टर सरांना त्याच रात्री लेखी अर्ज दिला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “का रे, काही झालं का?”

म्हटलं, “नाही सर. अजून काही झालं नाही. म्हणूनच लिहून देतोय.”